पोशीर नदीच्या कांठीं

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या माणसास कर्जत हें गांव दोन-चार मिनिटांपुरतें ठाऊक असतें. गाडी थांबते, घाट चढविण्यासाठीं मागून ढकलणारीं इंजिनें जोडलीं जातात, तेवढ्यांत खिडकींतून हात बाहेर काढून बटाटेवडे घ्यावयाचे, आणि गाडी हलली कीं मुलांस बोगदे मोजावयास सांगावयाचें. कर्जताशीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांचा परिचय एवढाच. माथेरानास जाणारे नेरळास उतरतात ते लहान गाडी पकडण्याच्या घाईंत, भीमाशंकरास पायीं जाणारे खांडसावरून जातात ते डोंगराकडे डोळे लावून, आणि महडच्या वरदविनायकास निघालेली मंडळी खालापूर तालुक्यांत शिरते ती दर्शन घेऊन जेवणाच्या वेळेस घरीं परतण्याच्या बेतानें. घराच्या उंबरठ्यासारखी या दोन तालुक्यांची स्थिति झाली आहे. सगळे त्यावरून जातात; त्यावर बसूं नये, असें तर आपल्या घरांत लहानपणापासून शिकवितात.

या महिन्यांत मात्र वाचकांनीं नेरळास उतरून माथेरानाकडे पाठ करावी आणि पूर्वेस कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यानें पोशीरपर्यंत यावें, अशी माझी विनंति आहे. पोशीर हें गांवाचें नांव आणि नदीचेंहि तेंच. तेथें पाहण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील तर प्रवासवर्णनांत घालण्याजोगें फारसें कांहीं नाहीं, हेंच खरें उत्तर. भाताचीं खाचरें, बांधांवरचीं झाडें, पावसाळ्यांत गढूळ होऊन दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी, आणि समोर सह्याद्रीची उभी भिंत. मग यावयाचें कशासाठीं? तर या नदीचें नांव अलीकडे वर्तमानपत्रांत येऊं लागलें आहे. त्याचें कारण पुढें येईलच. परंतु तें नीट समजण्यास या भागाचा पूर्ववृत्तांत थोडा तरी ठाऊक असला पाहिजे.

राजमाचीच्या खालच्या दरींत उल्हास नदी उगम पावते. कर्जतावरून ती वायव्येस वळते आणि बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीस मिळते. पेज, चिल्लार आणि पोशीर या तिच्या कर्जत तालुक्यांतील सोबतिणी. पावसाळ्याचे चार महिने या नद्या कोणास विचारीत नाहींत. २०१९ च्या जुलैंत वांगणी आणि बदलापूर यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरांत अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. त्या दिवशीं मात्र उल्हास नदीचा परिचय करून घेण्यावांचून गाडींतील मंडळींस गत्यंतर उरलें नाहीं. जुने कागद धुंडाळणारांसाठीं येथेंच एक सूचना करून ठेवितों. १८८२ सालीं छापलेल्या ग्याझेटियरांत कर्जताची माहिती कुलाब्याच्या भागांत शोधूं नये; ती ठाण्याच्या भागांत सांपडेल. कर्जत तेव्हां ठाणे जिल्ह्यांत होतें, पुढें १८९१ सालीं तें कुलाब्याकडे गेलें, आणि १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचेंच नांव रायगड झालें.

या खोऱ्यांतील सर्वांत जुनी वास्तु म्हणजे कोंडाणें येथील लेणीं. नांवाच्या साम्यामुळें पुष्कळांचें मन तानाजीच्या कोंढाण्याकडे धांवतें, पण हें स्थळ निराळें. कोंडिवड्यावरून राजमाचीकडे चढूं लागलें म्हणजे रानांत, कड्याच्या पोटाशीं तीं लागतात. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंसाठीं तीं खोदलीं. एक चैत्य आणि शेजारीं विहार. चैत्याची खोली सुमारें ६६ फूट. दर्शनी कमान, कमानीच्या फांसळ्या, कठड्यांची नक्षी, हें सर्व लांकडी बांधकामाची हुबेहुब नक्कल आहे. सुतारानें जेथें खुंटी ठोकावी, जेथें जोड द्यावा, तेथें पाथरवटानें तो जोड दगडांत कोरून दाखविला आहे, जणूं लांकडावांचून घर उभें राहतें यावर त्याचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. पावसाळ्यांत वरून पडणारें पाणी लेण्यांच्या तोंडाशीं कोसळतें, आणि दोन हजार वर्षांत त्यानें खांबांचीं बुडें खाऊन टाकलीं आहेत.

त्या चैत्याच्या डाव्या अंगास एका भग्न मुखाजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. तिची भाषा प्राकृत, आणि अर्थ इतकाच कीं, कण्हाचा अंतेवासी जो बालक, त्यानें हें केलें. कण्ह म्हणजे आपला कृष्ण. अंतेवासी हा शब्द मात्र क्षणभर थांबावयास लावणारा आहे. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लींत अध्ययन संपल्यावर आचार्य ज्यास उपदेश करितो तो अंतेवासी. गुरूच्या सन्निध राहून शिकलेला. ज्यांच्या घरीं तें उपनिषद अजून म्हटलें जातें त्यांच्या ओळखीचा हा शब्द त्या रानांतल्या दगडावरहि आहे, आणि तो लिहून ठेवणारा बौद्ध लेण्याचा कारागीर आहे. त्यानें राजाचें नांव दिलें नाहीं, धन कोणीं दिलें तें सांगितलें नाहीं, स्वतःचा गांवहि लिहिला नाहीं. आपण कोणाचे शिष्य, एवढेंच त्यास सांगावेंसें वाटलें. शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसास त्या ओळीचें जरा अधिक वाटलें तर वाचकांनीं समजून घ्यावें.

पोशीरच्या पूर्वेस डोंगरांत आंबिवली आहे. तेथेंहि नदीच्या वळणावर एक लेणें आहे. मध्यें दालन आणि तीन बाजूंस भिक्षूंच्या कोठड्या. भिक्षु आडरानांत कां राहिले, असा प्रश्न पडतो. परंतु तें आडरान नव्हतेंच. सोपारा, कल्याण या बंदरांतून देशावर चढणाऱ्या वाटा याच खोऱ्यांतून जात, आणि जेथें तांडे उतरत तेथें भिक्षेचीहि सोय असे. उंबरठ्याचें हें काम इतकें जुनें आहे.

आंबिवलीच्या माथ्यावर कोथळीगड उभा आहे. त्याच्या माचीवर पेठ नांवाचें गांव असल्यामुळें लोक त्यास पेठचा किल्लाच म्हणतात. लांबून पाहतां पालथ्या घातलेल्या नरसाळ्यासारखा दिसणारा हा सुळका. त्याच्या पायाशीं कोरीव खांबांची गुहा, आणि गुहेच्या बाजूनें सुळक्याच्या पोटांतून माथ्यापर्यंत खोदून नेलेल्या पायऱ्या. डोंगराच्या आंतून जिना काढण्याची ही कल्पना ज्यास सुचली त्याच्या बुद्धीची तारीफ करावी कीं ज्यांनीं छिन्नीनें ती तडीस नेली त्यांच्या दंडाची, हें मला ठरवितां आलेलें नाहीं. संभाजीमहाराजांच्या काळीं येथें शस्त्रांचा सांठा असे, असें सांगतात. १६८४ च्या अखेरीस मोगलांनीं तो घेतला आणि पुढें १८१८ सालीं तो इंग्रजांकडे गेला. एका गंजलेल्या तोफेखेरीज त्या सगळ्या धामधुमीची खूण तेथें फारशी उरलेली नाहीं. पेठ गांव मात्र आहे.

खालापूर तालुक्याचा विस्तार करण्यास या वेळीं जागा नाहीं. तरी चावणीजवळची उंबरखिंड सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची फौज तेथील दाट रानांत गांठली, आणि बरोबर असलेल्या रायबागन या शहाण्या बाईच्या सल्ल्यानें खानानें शरणागति पत्करली म्हणून ती फौज जीव घेऊन परतली. महडच्या वरदविनायकाचें देऊळ १७२५ सालीं सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनीं बांधविलें. खोपोलीचा तलाव व महादेवाचें देऊळ नाना फडणिसांचें. घाट चढण्यापूर्वीं वाटसरूंनीं व जनावरांनीं पाणी प्यावें हा त्यांतला हेतु, आणि पेशवाईंतल्या पुष्कळ राजकारणांपेक्षां तो अधिक काळ उपयोगीं पडला आहे.

आगगाडी आली आणि वाटसरूंस पाण्यासाठीं थांबण्याचेंहि कारण उरलें नाहीं. मुंबई-ठाणें रस्ता १८५३ सालीं सुरू झाला हें शाळेंतील मुलगाहि सांगतो; खोपोलीपर्यंत गाडी १८५६ च्या मे महिन्यांत आली, हें फारसें कोणी सांगत नाहीं. दोन वर्षांनीं खंडाळा ते पुणें हा भाग सुरू झाला, पण मधला घाट अपुरा होता. उतारू खोपोलीस उतरत आणि पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं घाट चढून वर पुन्हा गाडी धरीत. घाटाचें काम १८५६ त सुरू होऊन २१ एप्रिल १८६३ रोजीं तो खुला झाला. सुमारें १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. पहिल्या कंत्राटदाराच्या कारकिर्दींत, १८५९ च्या आरंभीं, मजुरी थकल्यावरून मजुरांचा मोठा दंगा झाला. त्याच्या मागून सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा कंत्राटदार विलायतेहून आला तो थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट सोडलें नाहीं, जाणत्या व्यवस्थापकांस हाताशीं धरून घाट पुरा केला. या बाईचें नांव ग्रंथांतरीं नमूद आहे आणि तें असावेंच. परंतु पटकीनें, तापानें आणि सुरुंगानें जे हजारों मजूर त्या दरींत राहिले त्यांची यादी कोणी केली नाहीं. कोंडाण्याच्या बालकास दगडावर एक ओळ मिळाली. या मंडळींस तीहि नाहीं. आणि तीं दोन्ही स्थळें एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर आहेत.

माथेरानाची कथा याच धर्तीची, फक्त अधिक हंसऱ्या चेहऱ्याची. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यांत चौकच्या बाजूनें वर चढले आणि माथेरानाचा 'शोध' लागला असें पुस्तकें सांगतात. ठाकूर, कातकरी आणि धनगर तेथें पूर्वींपासून वावरत होते. त्यांस शोध लागला नव्हता, इतकेंच. नेरळहून वर जाणारी लहान आगगाडी सर आदमजी पीरभॉय यांनीं पैसा घातला म्हणून झाली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं १९०४ ते १९०७ या काळांत ती बांधली, आणि १६ लक्ष रुपये खर्च केले. दोन फूट रुंदीचे रूळ, पांवलोपांवलीं वळणें, आणि साऱ्या वाटेंत बोगदा एकच. त्या बोगद्यास साहेबलोकांनीं ठेवलेलें नांव या मासिकांत छापण्याजोगें नाहीं, पण तो फार आंखूड आहे एवढें सांगतों. २००५ च्या अतिवृष्टींत हा रस्ता ठिकठिकाणीं वाहून गेला आणि दुरुस्तीस जवळजवळ दोन वर्षें लागलीं.

आतां पाण्याकडे येतों, कारण या लेखाचें मर्म तेथें आहे. टाटांनीं घाटमाथ्यावर पाणी अडवून खोपोलीस वीज उत्पन्न केली ती १९१५ सालीं. कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं सुरू झालें. भिवपुरीची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. मावळांतील आंध्रा नदी मूळची पूर्ववाहिनी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा या वाटेनें तिचें पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचें. ठोकरवाडीस धरण घालून तें अडविलें, डोंगर पोखरून पश्चिमेच्या कड्यावरून नळांतून खालीं सोडलें, आणि त्याच्या वेगानें चक्रें फिरविलीं. काम झालेलें हें पाणी पेज नदींत उतरतें. म्हणून इतर नद्या उन्हाळ्यांत आटतात, पण पेज वाहत राहते, आणि राजनाल्याच्या कालव्यानें तिच्या पाण्यावर कर्जताकडच्या कित्येक गांवांत भाताचें दुसरें पीक निघतें. कर्जतास भात संशोधनाचें केंद्र आहे, तें १९१९ सालापासूनचें. तेथें तयार झालेल्या 'कर्जत' नांवाच्या भातजाती कोंकणभर पेरल्या जातात. तेव्हां या मुलखास कोणींच कांहीं दिलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु हाच न्याय लावावयाचा तर घाटमाथ्यावर ज्यांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं त्यांचीहि बाजू पाहावी लागते. शेजारच्या मुळशींत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालें; सत्याग्रह इतिहासांत गेला.

भिवपुरीची वीज मोठमोठ्या लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईकडे जाई. ज्या गांवांच्या शेतांत ते मनोरे उभे होते त्या गांवांत रात्रीं रॉकेलची चिमणीच असे. १९४२ सालीं भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानें हे मनोरे पाडले ते मुंबईच्या गिरण्यांचीं चाकें थांबावीं म्हणून. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानचे, १९१२ सालीं नाभिक कुटुंबांत जन्मलेले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या दारीं शेतकऱ्यास पावसाळ्यांत जावें लागूं नये म्हणून त्यांनीं गांवोगांव भाताच्या कोठ्या काढल्या; सुगींत भात घालावयाचें आणि अडीनडीस तेथूनच न्यावयाचें. या कामाचें मला मनोऱ्यांपेक्षांहि अधिक मोल वाटतें, कारण तीं माणसें पुढें त्यांच्या मागें रानांत गेलीं तीं या कोठ्यांच्या ओळखीवर. २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे सिद्धगडाच्या रानांत पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत कोतवाल आणि मानिवलीचे तरुण हिराजी पाटील पडले. नेरळ-कर्जताकडे या दोघांचीं नांवें चौकांस आणि संस्थांस आहेत. घाटाच्या मजुरांस जें लाभलें नाहीं तें त्यांस लाभलें, हें या मुलखाच्या कृतज्ञतेचें लक्षण आहे.

आतां पोशीर नदी वर्तमानपत्रांत कां आली तें सांगतों. कर्जत तालुक्यांत कुरुंगच्या शिवारांत या नदीवर धरण बांधण्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळानें २०२५ सालीं मान्यता दिली. सुमारें १२ अब्ज घनफूट पाणी आणि सहा हजार कोटींहून अधिक खर्च, असा हा मोठा व्यवहार आहे. चिल्लार म्हणजेच शिलार नदीवरील दुसऱ्या धरणासहि त्याच साली मान्यता मिळाली. पाणी हवें आहे तें मुख्यतः मुंबईच्या भोंवतालच्या वाढत्या शहरांस. तें नको म्हणणें मला साधत नाहीं. आपलींच मुलेंबाळें त्या शहरांतल्या सातव्या आणि सतराव्या मजल्यांवर राहतात, आणि नळास पाणी नाहीं म्हणून सकाळीं आपल्यालाच दूरध्वनि करितात. परंतु पाणी पितांना त्याखालीं काय आहे हें ठाऊक असावें, एवढी अपेक्षा तरी अवास्तव म्हणतां येणार नाहीं. मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा विचार सरकार आणि गांवकरी करितील. तो वेळेवर आणि पुरता व्हावा यासाठीं बोलणारे बोलतीलच, आणि त्यांनीं बोललेंच पाहिजे. मला सांगावयाचें आहे तें निराळें, आणि तें आपल्या घरांतल्या माळ्यावर पडलें आहे.

त्याआधीं एक परदेशचें उदाहरण. हॉलंड देशांत समुद्राच्या उथळ भागांत स्खोकलंड नांवाचें एक लहानसें बेट होतें. लाटा तें खात चालल्या, म्हणून १८५९ सालीं राजाज्ञेनें तेथील सहा-सातशें रहिवाशांस बेट सोडावें लागलें. पुढें त्या देशानें बांध घालून समुद्रच हटविला, आणि १९४२ सालीं तें बेट कोरड्या जमिनींतला एक उंचवटा होऊन बसलें. सांप्रत तें नॉर्डऑस्टपोल्डर या शेतकी नगरपालिकेच्या हद्दींत आहे, आणि १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादींत. आमच्याकडे जमिनीवर पाणी येणार, तेथें पाण्यावर जमीन आली, प्रकार उलटा. पण लक्षांत घेण्यासारखें असें कीं, बेट सोडून गेलेल्यांच्या वंशजांचें मंडळ तेथें आहे. आपले पूर्वज कोण, ते कोठें राहत आणि तेथून कोठें गेले, हें तें मंडळ जुन्या नोंदींवरून जुळवीत असतें. नोंदी होत्या म्हणून हें जुळवितां येतें.

आमच्या गांवांच्या नोंदी कोठें आहेत? सातबाऱ्यावर गटाचा आंकडा असतो. शेताचें नांव तेथें क्वचितच सांपडतें. आणि कोंकणांतल्या प्रत्येक खाचरास नांव असतें. एकदां पोशीरच्या अलीकडे एका ठाकूरवाडींत बसलों असतां एका वृद्ध बाईस मीं त्या उतारावरच्या शेतांचीं नांवें विचारलीं. तिनें एक हात वर धरला आणि तो हळूहळू खालीं आणीत नांवें घेतलीं, एकामागून एक, कोठें न अडखळतां. मधल्याच एका शेताचें नांव मीं पुन्हा विचारलें तेव्हां तिला तें सांगतां येईना. ती परत वरून सुरू झाली. "मास्तर, पानी जसं उतरतं तशी नावं घ्यायाची, नायतर चुकतात," असें ती म्हणाली. वरच्या खाचराचें पाणी खालच्यांत, त्याचें आणखी खालच्यांत. नांवांची माळ त्या पाण्यानेंच ओंवलेली होती. आपल्याकडे वेद टिकले ते क्रमानें म्हटल्यामुळें. या बाईची स्मरणविद्या त्याच जातीची आहे. त्या नांवांत कोठें झाड होतें, कोठें देव, कोठें जुन्या मालकाचें नांव, आणि दोन-तीन शब्दांचा अर्थ तर मला लागलाच नाहीं. सगळा उतार एका धरणाच्या पाण्याखालीं गेला म्हणजे वरचें खाचर आणि खालचें खाचर हा भेद राहत नाहीं, आणि मग ती माळ म्हणावयाची तरी कशी?

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. २०२३ च्या जुलैंत खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या पोटाशीं असलेली इर्शाळवाडी एका रात्रींत दरडीखालीं गेली. कित्येकांचे देह सांपडलेच नाहींत. तेथें घर कोणाचें, घरांत माणसें किती, त्या रात्रीं वाडींत कोण होतें आणि कामासाठीं बाहेर कोण गेलें होतें, हें जिवंत राहिलेल्यांस विचारूनच जुळवावें लागलें. डोंगरांतल्या वाड्यांचें लेखी अस्तित्व इतकें विरळ असतें.

आणि तरीहि तें अगदींच नाहीं असें नाहीं. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांच्या जमिनी कोंकणपट्टींत होत्या. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणाराकडे जमीन गेली. त्याचें दुःख कांहीं घरांत अजून श्राद्धाच्या पंगतींत ऐकूं येतें. त्याचा निकाल मी येथें करीत बसत नाहीं, जरी माझें मत कसणाराच्या बाजूचें आहे हें लपविण्याचेंहि कारण नाहीं. जमीन गेली तरी खंडाच्या वह्या राहिल्या. त्या वह्यांत दरसालचें कूळ कोण, कोणतें शेत, किती खंडी किती मण भात आलें, किती येणें राहिलें, हें सर्व मोडींत लिहिलेलें असे. कारकुनानें तें आपल्या धन्याच्या फायद्यासाठीं लिहिलें. पण लिहितांना शेताचें नांव लिहावेंच लागलें आणि कसणाराचें व त्याच्या बापाचेंहि. ज्या कातकऱ्याच्या किंवा ठाकराच्या पणजोबाचें नांव दुसऱ्या कोणत्याहि कागदावर नाहीं, तें आपल्या पणजोबांच्या येणेंबाकींत सांपडण्याचा संभव आहे. तें ज्या रीतीनें सांपडतें ती आपणांस भूषणावह आहे असें नाहीं. त्या आंकड्यांत व्याजहि असेल, वेठहि असेल. म्हणूनच तें रद्दींत जाऊं नये. त्या वहीनें कोणाचा हक्क सिद्ध होईल असें मी म्हणत नाहीं. त्या घरांतल्या शाळेंत जाणाऱ्या मुलीस आपल्या चार पिढ्या मागच्या माणसाचें नांव आणि त्याच्या शेताचें नांव एका ओळींत वाचावयास मिळेल.

तेव्हां दिवाळीची झाडलोट निघेल त्या वेळीं माळ्यावरची पेटी खालीं घ्यावी. वह्या उन्हांत टाकूं नयेत, सावलींत वारा द्यावा. चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत. पृष्ठांस पेन्सिलीनें आंकडे घालावे, आणि घरांतल्या तरुण मंडळींकडून प्रत्येक पृष्ठाचें छायाचित्र काढवून घ्यावें. त्यांच्या खिशांत त्याचें यंत्र असतेंच. घरांत मोडी वाचणारें कोणी नसल्यास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे जावें. राजवाडे-मेहेंदळ्यांनीं १९१० सालीं स्थापिलेल्या त्या संस्थेंत मोडी जाणणारे अभ्यासक भेटतात. उतरलेली एक प्रत घरीं ठेवावी आणि एक त्या गांवच्या शाळेंत द्यावी. वही पोशीरकडच्या गांवांची निघाली तर शेतांच्या नांवांचीं पानें आधीं उतरावीं. भाताचे आंकडे मागाहून उतरले तरी चालतील.